मिरजेत पेशंटशी बोलण्यापुरतं कन्नड: शिकवणी कशी निवडावी, सुरुवात कुठून?

नवा_फिजिओ
मिरजेत फिजिओथेरपीचं काम आहे. पेशंट बरेचसे अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक भागातले. तरुण मंडळी मराठी-हिंदी रेटतात, पण म्हाताऱ्या माणसांना कन्नडशिवाय येत नाही. रोज ४० मिनिटं देता येतील, हातात चार महिने आहेत. शिकवणी लावावी की अ‍ॅप पुरेल? लिपी आधी की बोलणं? आणि पुस्तकातलं कन्नड नि इथं कानावर पडतं ते कन्नड एक नाही म्हणतात, मग शिकायचं कुठलं? फीचा प्रश्न नाही, वेळ फुकट जायला नको.

जतकर
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यावर ठरतात. बेळगाव-विजापूरकडचं कन्नड शिका. अ‍ॅपं आणि बहुतेक पुस्तकं म्हैसूर-बंगळूरकडचं किंवा लिखित कन्नड शिकवतात. ते बोललात तर पेशंटला कळेल, पण त्याचं उत्तर तुम्हाला कळणार नाही. अडतं ते तिथंच.

फरक वाटतो तेवढा अवाढव्य नाही. (ऱ्हस्व ए-ओ साठी खाली ऎ, ऒ ही खूण वापरतोय.) तीन गोष्टी पाठ करा:

पुस्तकात शब्दाच्या शेवटी जो ऎ असतो त्याचा इकडे बहुतेक वेळा इ होतो. मनॆ (घर) म्हणजे मनि, तलॆ (डोकं) म्हणजे तलि, हॊट्टॆ (पोट) म्हणजे हॊट्टि.

शब्दाच्या सुरुवातीचा दीर्घ ए पुष्कळदा या होतो. पेटॆ (आपली पेठच) म्हणजे प्याटि, बेड (नको) म्हणजे ब्याड, बेनॆ (दुखणं) म्हणजे ब्यानि. बेकु (पाहिजे) मात्र बेकच राहतं.

'आहे'ला पुस्तकात इदॆ, इकडे ऐति. म्हणून 'दुखतंय' म्हणजे नोय्तैति.

तुमच्या कामात आणखी एक सवलत आहे. पाय, पाठ, गुडघा, दुखणं, सूज हे सगळं कन्नडमध्ये नपुंसकलिंगी. मराठीत पाय तो, पाठ ती आणि डोकं ते. कन्नडमध्ये ही भानगडच नाही, माणसं सोडून एकजात नपुंसक. त्यामुळे पहिले दोन महिने क्रियापदाचं एकच रूप, -ऐति, घोटलंत तरी पेशंटची निम्मी तक्रार त्यात बसते. तो-ती-ते-आम्ही-तुम्ही असे तक्ते पहिल्या आठवड्यात पाठ करायला लावणारा मास्तर दिसला तर दुसरा शोधा.

आज्ञार्थाला मात्र री लागलाच पाहिजे. कुंदर्री (बसा), एळ्री (उठा), मल्कॊळ्री (झोपा), उसिर तगॊळ्री (श्वास घ्या), बिड्री (सोडा). री गाळला की 'बसा'चं 'बस' होतं, आणि सत्तरीच्या अज्जाला ते खुपतं.

तंबोरा_मिरज
शिकवणी लावाच. अ‍ॅप उजळणीपुरतं ठीक. तुमचा उच्चार कुठं चुकला हे अ‍ॅपला नीट पकडता येत नाही, आणि कन्नडमध्ये मराठी माणसाचं घोडं उच्चारातच अडतं.

शिक्षक निवडताना पदवी बघू नका, गाव बघा. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तिथले निवृत्त शिक्षक उत्तम. तेवढं जमलं नाही तर अथणी-कागवाडकडचा एखादा नर्सिंगचा किंवा कॉलेजचा विद्यार्थीही चालेल, फक्त पाठाचा आराखडा तुम्ही द्यायचा. चाचणीचा सोपा प्रश्न: 'बसा'ला काय म्हणाल? उत्तर 'कुळितुकॊळ्ळि' आलं तर पुस्तकी, 'कुंदर्री' आलं तर आपल्या कामाचा.

आठवड्याला दोन तास पुरेत, ४५-४५ मिनिटांचे. ते असे वापरा.

पहिली १० मिनिटं मागच्या दहा वाक्यांची. शिक्षक मराठीत म्हणेल, तुम्ही तीन सेकंदांत कन्नडमध्ये म्हणायचं. अडलं की तो वाक्य सांगेल, तुम्ही तीनदा म्हणाल, पुढे जायचं. चर्चा नको.

पुढची १५ मिनिटं एकच साचा. उदाहरणार्थ 'इल्लि नोवु ऐतेन्री?' (इथं दुखतंय का?) आता 'इल्लि'च्या जागी बॆन्नु (पाठ), कुत्तिगि (मान), मॊणकालु (गुडघा), सॊंट (कंबर), मग 'नोवु'च्या जागी उरि (जळजळ), बावु (सूज), जोमु (बधिरपणा). एका साच्यातून वीस वाक्यं निघतात. उलट, अवयवांची चाळीस नावं पाठ आहेत आणि एक क्रियापद नाही, अशी माणसं पुष्कळ दिसतात. सुटे शब्द तोंडात येत नाहीत, वाक्यं येतात.

नंतरची १५ मिनिटं शिक्षक पेशंट होणार आणि मराठीला पूर्ण बंदी. हे आधीच ठरवून घ्या, कारण चांगलं मराठी येणारा शिक्षक पाचव्या मिनिटाला मराठीत समजावू लागतो. तास छान वाटतो, कन्नड येत नाही.

शेवटची ५ मिनिटं रेकॉर्डिंगची: त्या दिवसाची दहा वाक्यं, एकदा सावकाश, दोनदा नेहमीच्या वेगात. आठवडाभराचा अभ्यास यावरच.

शिकवणी नसेल त्या दिवशीच्या ४० मिनिटांत: १५ मिनिटं रेकॉर्डिंगच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने बोलायचं. १५ मिनिटं वही. वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, पान मधोमध दुमडायचं आणि कायम मराठीकडून कन्नडकडे जायचं. उलट दिशेने वाचलं तर नुसती ओळख पटते, ऐनवेळी तोंड उघडत नाही. प्रत्येक वाक्य १, ३, ७ आणि १५ व्या दिवशी पुन्हा. उरलेली १० मिनिटं स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून शिक्षकाच्या आवाजाशी ताडून बघा.

नवा_फिजिओ
आराखडा झकास. व्याकरण अजिबातच नको का?

हरिपूर_संगम
हवं, पण नव्याने फारसं नाही. मराठीत तयारच आहे. 'मला कन्नड येतं' म्हणजे 'ननग कन्नड बर्तैति'. शब्दाला शब्द. 'मला पाहिजे' म्हणजे 'ननग बेकु', 'मला माहीत आहे' म्हणजे 'ननग गॊत्तैति'. 'किती दिवसांपासून?' म्हणजे 'ऎष्टु दिनदिंद?' विभक्तीचे प्रत्यय शब्दाला मागून चिकटतात, क्रियापद शेवटी. 'येतो म्हणून सांगितलं' यातलं आपलं 'म्हणून' म्हणजे त्यांचं 'अंत': 'बर्तीनि अंत हेळिदरु'. इंग्रजीतून कन्नड शिकवणारं पुस्तक हीच गोष्ट चार पानं समजावतं, त्यामुळे तसलं घेऊ नका. मराठीत वाक्य जसं जुळवता तसंच जुळवा, वर कन्नड शब्द बसवा. कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांच्या घरची बोली मराठी होती आणि १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं कन्नड कवितेला, ते काही उगाच नव्हे. (असो, आपल्याला गुडघ्यापुरतं हवंय.)

नव्याने शिकायच्या गोष्टी दोनच. एक, ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ. मराठी कानाला हा फरक ऐकूच येत नाही. बॆलॆ म्हणजे किंमत, बॆळॆ म्हणजे पीक, बेळॆ म्हणजे डाळ. दोन, जोडाक्षरावरचा जोर. कतॆ म्हणजे गोष्ट, कत्तॆ म्हणजे गाढव. हल्लु म्हणजे दात, हालु म्हणजे दूध. अशा दहा जोड्या शिक्षकाकडून वाचून घ्या, त्याने कुठला शब्द म्हटला ते तुम्ही बोट दाखवून ओळखायचं. दहातले नऊ बरोबर येईपर्यंत स्वतः बोलायची घाई नको. कानाला फरक कळला नाही तर जिभेला जमत नाही.

फसवे शब्दही लिहून ठेवा. तायि म्हणजे आई, ताई नव्हे. बंदरु म्हणजे 'आले'. हत्तु म्हणजे दहा. बल म्हणजे उजवा आणि ऎड म्हणजे डावा. जोडशब्दात कालु (पाय) मधल्या क चा बऱ्याचदा ग होतो, म्हणून बलगालु, ऎडगालु. डावं-उजवं आधी पक्कं करा, कारण सांगायला नको.

भडंग_ओली
आकडे एका बैठकीत होतात. ऒंदु, ऎरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, ऎळु, ऎंटु, ऒंबत्तु, हत्तु. व्यायाम मोजताना मोठ्याने म्हणा, वेगळा अभ्यास नको. वीसच्या पुढे दशक अधिक एकक, आपल्यासारखं एकोणसाठ-एकोणसत्तर नाही.

जतकर
आकडे बरोबर, फक्त सात म्हणजे एळु, ए दीर्घ.

लिपीबद्दल राहिलं. पाचव्या आठवड्यापासून घ्या, पण घ्याच. देवनागरीत लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घ ए चा फरक पुसला जातो, आणि वहीत चुकलं ते तोंडात चुकतं. वर्णमाला आणि बाराखडी आपल्याच क्रमाने आहे, पंधरा दिवसांत वाचता येते. गोंधळ जोडाक्षरांत होतो: आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, ते पहिलं पूर्ण लिहून दुसरं खाली टांगतात. रफार अक्षराच्या डोक्यावर नसून पुढे येतो. सराव फुकट आहे. मिरज-बेळगाव गाडीत शेडबाळ, उगार खुर्द, कुडची, रायबाग या स्थानकांच्या पाट्या कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा तिन्हींत आहेत. आधी कन्नड वाचा, मग हिंदीवर ताडून बघा.

नवा_फिजिओ
प्रश्न विचारता येईल असं दिसतंय. पण पेशंट एका दमात दहा वाक्यं बोलला तर?

तंबोरा_मिरज
त्याला तेवढी वाट द्यायचीच नाही. 'काय होतंय?' असा मोकळा प्रश्न पहिले तीन महिने बंद. उत्तर दोन शब्दांत येईल असं विचारा: 'मुंजानि जास्तिनो, रात्रि जास्तिनो?' (सकाळी जास्त की रात्री?) नाहीतर बोट ठेवून 'इल्लि?' उत्तर हौद्री (हो) किंवा इल्ल्री (नाही). अडलंच तर तीन वाक्यं: 'तिळीलिल्री' (कळलं नाही), 'स्वल्प निधान हेळ्री' (जरा सावकाश सांगा), 'इन्नॊंद सल' (आणखी एकदा). आणि तुमचं तोडकं कन्नड ऐकून पेशंटच मराठीत वळला तर हसून 'कन्नडदाग हेळ्री' म्हणा.

औषधं, जुनी ऑपरेशनं, शुगर-बीपी, संमती हे मात्र अर्ध्या कन्नडवर विचारू नका. तिथं सोबतचा नातेवाईक किंवा कन्नड येणारी सिस्टर मध्ये घ्या.

हरिपूर_संगम
रोजचं वाक्य म्हणून 'कालु मेलॆ ऎत्री' (पाय वर उचला) हे पहिल्या दहात घाला.

जतकर
घाला, पण इकडे मेलॆ नाही, म्याल. दीर्घ ए चा या, हा वरचाच नियम. पुस्तकी 'काल् मेलॆ' म्हणालात आणि बाजूच्या खाटेवर सांगलीचं कुणी असलं, तर ते विचारतील, काल कोण मेले?