जेफरसन-हेमिंग्ज वंशावळ: डीएनए आल्यावर कागद रद्दीत?

गुणसूत्र
गुलाम सॅली हेमिंग्जच्या मुलांचा बाप तिचा मालक, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनच, हे १९९८ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातल्या डीएनए चाचणीने सिद्ध झालं. वाद मिटला. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही अमेरिकन घराण्याची वंशावळ आता चाचणीनेच लावावी. जनगणनेच्या याद्या आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथा रद्दीत घाला.

दप्तरी
रद्दीत? आधी ती चाचणी तरी नीट वाचा. जेफरसनला लग्नाच्या बायकोपासून झालेला एकही मुलगा जगला नाही. म्हणून वाय गुणसूत्राचे नमुने त्याच्या चुलत्याच्या, फील्ड जेफरसनच्या पुरुषवंशातल्या पाच जणांचे घेतले. समोर सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशातला एकच पुरुष. नमुना जुळला. यातून एवढंच निघतं की एस्टनचा बाप जेफरसन कुळातला कोणी पुरुष होता. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. भाऊ, चुलते, पुतणे सगळ्यांचं एकच. सॅलीची बाकीची मुलं मॅडिसन, बेव्हर्ली, हॅरिएट यांच्या वंशातला नमुना त्यात नव्हताच.

'थॉमसच' हे ठरतं कागदांवरून. एस्टनचा जन्म २१ मे १८०८. २६७ दिवस मागे मोजा, ऑगस्ट १८०७ ची अखेर येते. तेव्हा जेफरसन वॉशिंग्टन सोडून आपल्या घरी, माँटिसेलोला होता. प्रत्येक नोंदलेल्या बाळंतपणाचा असा हिशेब लावला की तो दर वेळी घरीच सापडतो. तो गावाला असताना तिला एकदाही दिवस गेलेले नाहीत. हे कळतं त्याच्याच पत्रांवरून, हिशेबाच्या वह्यांवरून आणि शेतवहीतल्या जन्मनोंदींवरून.

शंकेखोर
पत्रंच काढायची तर १२ ऑगस्ट १८०७ चंही काढा. त्यात थॉमस धाकट्या भावाला, रँडॉल्फला, घरी बोलावतोय. माँटिसेलोचा गुलाम आयझॅक याच्या १८४७ च्या आठवणींत रँडॉल्फ गुलामांमध्ये येऊन फिडल वाजवायचा, अर्धी रात्र नाचायचा असं आहे. आणि खुद्द चाचणी करणाऱ्या फॉस्टरनी नंतर खुलासा केला की थॉमसबद्दल निर्विवाद पुरावा यातून मिळत नाही.

दप्तरी
बोलावणं आहे, पण तो आल्याची नोंद दाखवा! आणि एका एस्टनने भागत नाही. १७९५ ते १८०८ मधल्या प्रत्येक वेळी रँडॉल्फ तिथे हवा. जेफरसनच्या नातवंडांनीसुद्धा त्याचं नाव घेतलं नव्हतं. नातीने १८५८ च्या पत्रात जेफरसनच्या बहिणीच्या मुलावर, सॅम्युएल कारवर बोट ठेवलं, तिच्या सख्ख्या भावाने दुसऱ्या भाच्यावर, पीटर कारवर. चाचणीत कार कुळ साफ बाद.

गुणसूत्र
बाद केलं कोणी? चाचणीनेच. थॉमस वुडसन हा जेफरसनचा मुलगा, असं त्याचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पाच नमुने घेतले, एकही जेफरसनांशी जुळला नाही. तिथे तुमचे कागद काय करत होते?

दप्तरी
नाही म्हणायला वाय चाचणी पक्की, एवढं मान्य करावं लागेल. हो म्हणायला ती एकटी पुरत नाही.

गणनावाली
बाप कोण यावरच सगळे अडकलात. याद्या रद्दीत घाला म्हणणाऱ्याने त्या वाचायच्या कशा हे शिकलेलं दिसत नाही. १८४० पर्यंत फक्त घरप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे वयोगटाप्रमाणे आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव. गुलामांची यादी १८५० आणि १८६० ला वेगळी. तिथे मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण, बस्स. गुलामीतून सुटलेली बहुतेक माणसं नावानिशी पहिल्यांदा दिसतात ती १८७० ला. घरप्रमुखाशी नातं हा रकाना तर १८८० चा. त्याआधी एका घरात दिसली म्हणून नवरा-बायको-मुलं धरली की झाड तिथेच चुकलं. १८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीत आणि नंतरच्या नासधुशीत गेली, म्हणून ती वीस वर्षं मृत्युपत्रं, कर-याद्या, पेन्शनच्या फायली यांवरून भरून काढावी लागतात.

गुणसूत्र
आणि जे लिहिलंय तेही खोटं! एस्टनचं कुटुंब ओहायोत 'मुलॅटो' म्हणजे मिश्रवंशी, विस्कॉन्सिनला गेल्यावर 'श्वेत'. अशा याद्यांवर विश्वास ठेवायचा?

गणनावाली
गणनेवाला दारात जे बघेल-ऐकेल ते लिहायचा. वर्णाचा रकाना म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत. म्हणूनच तो बदलला की थांबून बघायचं. एस्टनने १८५२ च्या सुमारास गाव बदललं आणि आडनाव जेफरसन केलं. नुसतं 'हेमिंग्ज' शोधणाऱ्याला हे कुटुंब संपलं असंच वाटेल. त्याचा मुलगा यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या ८ व्या पायदळाचा कर्नल, नाव जॉन वेल्स जेफरसन. आणि १८७० ला ओहायोत गणनेवाल्याने मॅडिसनच्या नावापुढे, हा थॉमस जेफरसनचा मुलगा, असं लिहून ठेवलंय. असा शेरा कुठल्या प्रयोगशाळेत मिळतो?

शंकेखोर
तो शेरा ऐकीव आहे. मॅडिसनने सांगितलं, त्याने लिहिलं. स्वतंत्र पुरावा म्हणून दोनदा मोजू नका.

गणनावाली
बरोबर, दोनदा मोजायचा नाही. पण मॅडिसनचं स्वतःचं निवेदन वर्तमानपत्रात छापून येण्याच्या तीन वर्षं आधीचा तो शेरा आहे, हे तुम्हीही लपवू नका.

गुणसूत्र
वाय सोडा. दोन्ही घराण्यांच्या आजच्या वंशजांची पूर्ण, सगळ्या गुणसूत्रांची चाचणी करा. जुळले की संपलं.

दप्तरी
नाही संपत. सात पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १/१२८, आणि इतक्या दूरच्या दोन भावंडांत अनेकदा काहीच जुळत नाही. जुळलं तर आणखी पंचाईत. सॅली ही जेफरसनच्या बायकोची, मार्थाची, सावत्र बहीण. दोघींचा बाप जॉन वेल्स. म्हणजे जेफरसनचा काही संबंध नसता तरी मार्थाच्या आणि सॅलीच्या वंशजांत वेल्सच्या डीएनएचे तुकडे सापडू शकले असते. ही मेख कळते ती मॅडिसनच्या १८७३ च्या निवेदनातून, ओहायोतल्या पाइक काउंटीच्या वर्तमानपत्रातून. तुम्ही तेच रद्दीत घालायला निघालात.