टायटॅनियम इम्प्लांट: खुब्याला लेप होता, मग दाढेला नको का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. बाबा ७१ वर्षांचे. मागे पडले तेव्हा डाव्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. सिमेंट न वापरता बसवलेला, मांडीच्या हाडात जाणाऱ्या दांड्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा (हाडासारख्या खनिजाचा) लेप असलेला. देवाच्या दयेने आज काठीशिवाय चालतात.

आता खालची एक दाढ काढली आहे आणि इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करायचं ठरतंय. दंतवैद्यांनी दोन प्रकार सांगितले. एकावर लेप नाही. पृष्ठभाग बारीक खड्यांच्या फवाऱ्याने खरखरीत करून मग आम्लाने कोरलेला. दुसऱ्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा लेप आहे आणि तो महाग आहे. डॉक्टरांचा कल पहिल्याकडे. बाबा मात्र अडून बसलेत: "पायात लेपाचा घातला तर दाताला साधा का?" मलाही त्यांची शंका रास्त वाटते. पैशांचा प्रश्न नाही, बाबांना पुन्हा चिरफाड सोसावी लागू नये एवढंच आहे.

मी वाचलं ते असं: टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर येतो आणि म्हणून हाड त्याला थेट चिकटतं. दातांच्या इम्प्लांटचे जनक, स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेल्या स्क्रूंवर लेप नव्हताच. पण त्या गुळगुळीत स्क्रूंना खालच्या जबड्यात तीन, वरच्यात सहा महिने थांबावं लागे. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट तर आपल्या हाडातल्या खनिजाच्याच जातीचं. मग लेपाने काम लवकर व्हायला हवं ना?

बाबांना मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१. तंबाखू नाही. खुब्यानंतर हाडांसाठी अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी चालू आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मी इंदूरला इम्प्लांटचंच काम करते. काकांचा प्रश्न अगदी योग्य आहे, पण खुबा आणि तोंड या दोन वेगळ्या जागा आहेत. खुब्यातला दांडा हाडात पूर्ण बंद असतो. दाढेचा स्क्रू हिरडीतून बाहेर डोकावतो, तिथे जंतू कायमचे. लेप प्लाझ्मा (अतितप्त वायू) फवारणीने चढवतात, साधारण ५० मायक्रॉन किंवा अधिक जाड. सुरुवातीला हाड झपाट्याने धरतं, ते खरंच. पण लेप धातूपासून सुटण्याची किंवा हळूहळू विरघळण्याची भीती असते, आणि हिरडी खाली सरकून तो उघडा पडला तर जंतूंना आयती जागा. म्हणून दातांत आता बहुतेक ठिकाणी खरखरीत पृष्ठभागच वापरतात. त्याचे चढउतार एक-दोन मायक्रॉनचे असतात, रक्ताची गुठळी आणि हाडाच्या पेशी त्यात घट्ट धरतात. हाड चांगलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांत कॅप (स्क्रूवरचा दात) बसवता येते. तुमचे डॉक्टर तुम्हाला हलकं काही देत नाहीयेत.

माझं लक्ष त्या गोळीकडे गेलं. अ‍ॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांत जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. तोंडाने घेण्याच्या गोळीत तो कमी, पण वर्षं वाढतात तसा वाढतो. दंतवैद्यांना गोळीचं नाव आणि कधीपासून चालू आहे हे सांगितलंय का? दाढ काढलेली जागा नीट भरली आहे का? गोळी स्वतःहून बंद करू नका. खुब्याच्या डॉक्टरांशी दंतवैद्यांनाच बोलू द्या. लेपाचं त्यानंतर बघा.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. दंतवैद्यांच्या फॉर्मवर फक्त मधुमेह लिहिला होता, गोळीचं कोणी विचारलं नाही. शनिवारी खुब्याची सगळी फाइल घेऊन जातो. जागा वरून भरलेली दिसते, पण एक्स-रे काढायला सांगतो. स्क्रू बसवल्यावर स्थिरता मोजतात म्हणे, आयएसक्यू. तो आकडा किती आला तर कॅपची घाई करू नये?

प्रतिसाद २

६० च्या खाली असेल तर थांबा. ७० च्या वर असेल तर सहसा काळजी नसते. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आकडा थोडा उतरला तरी घाबरू नका, जुनं हाड विरघळून नवं तयार होत असतं. त्या दिवसांत काकांना त्या बाजूने चावू देऊ नका.