दवाखान्याच्या जुन्या बाटल्या: धुवाव्यात की तशाच ठेवाव्यात?

नोंदवही:
आमच्या महाविद्यालयाच्या छोट्या संग्रहालयाला एका डॉक्टर कुटुंबाने बंद पडलेल्या दवाखान्याचे कपाट देणगी म्हणून दिले असून त्यातील 41 बाटल्यांची नोंद करण्याचे काम माझ्याकडे आहे. बहुतेक बाटल्या साध्या पांढऱ्या काचेच्या आहेत आणि काहींच्या अंगावर दातेरी कडेची कागदी पट्टी अजून चिकटून आहे. एक बाटली मात्र गडद निळी व षट्कोनी असून तिच्या तीन बाजूंवर उभ्या धारा आहेत आणि ‘नॉट टू बी टेकन’ ही अक्षरे उठावात आहेत. एका बरणीच्या काचेच्या बुचाभोवती पिवळे खडे साकळले आहेत. सगळ्या बाटल्या सोड्याच्या पाण्यात उकळून लख्ख कराव्यात, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण नुसते ‘पटत नाही’ म्हणून भागणार नाही. शिवाय, या बाटल्यांचा काळ कसा ठरवावा?

काचपारखी:
कृपया उकळू नका. कागद, शाई आणि तळाचा साका एकदा गेला की उरते ती रिकामी काच, आणि तशी काच जुन्या बाजारात कितीही मिळते.

निळी बाटली विषारी किंवा फक्त बाहेरून लावायच्या औषधाची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अंधारात चुकीची बाटली तोंडाला लावून माणसे दगावत असत. म्हणून हाताला लागताच कळावे अशा धारांच्या, रंगीत बाटल्या प्रचारात आल्या. 1868 च्या तिथल्या औषधविक्रीच्या कायद्याने विषाच्या वेष्टनावर त्याचे नाव, ‘पॉयझन’ हा शब्द आणि विक्रेत्याचे नाव बंधनकारक केले. परंतु ज्याला वाचता येत नाही किंवा ज्याच्या हाताशी दिवा नाही, त्याला चिठ्ठीचा काय उपयोग? बोटांना कळणारी बाटली हे त्याचे उत्तर होते.

काळ ठरवण्यासाठी साच्याची जोडरेषा पाहा. ती मानेवरच विरत असेल तर ओठ बहुधा हाताने घडवलेला आहे. ती थेट ओठावरून पलीकडे जात असेल तर बाटली यंत्रावर झालेली, म्हणजे साधारणपणे विसाव्या शतकातली. हा नियम पक्का नाही, पण सुरुवातीला पुरेसा आहे.

जुना कंपाउंडर:
वरच्या उत्तरात एक भर घालतो. बाटलीचा काळ आणि औषधाचा काळ एकच असेल, असे समजू नका. आमच्याकडे रोगी बाटली घरूनच आणत असे आणि ती पूर्वी कशाची होती हे विचारण्याची पद्धत नव्हती. ती विसळून घ्यायची, मिक्श्चर भरायचे, मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीने खाचा पाडायच्या आणि खळीने बाटलीवर चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. पट्टीवरच्या खाचा मोजा: सहा असतील तर दिवसातून तीन वेळा घ्यायचे दोन दिवसांचे औषध असावे. ती पट्टी उकळलीत तर औषध कसे दिले जात होते, याचा त्या बाटलीवरचा एकमेव पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसाल.

रसायनशाळा:
धुण्याचा वाद नंतर घाला. आधी ती पिवळ्या खड्यांची बरणी. ते आयोडोफॉर्म किंवा गंधक असू शकते, आणि तसे असेल तर फार चिंता नाही. परंतु भाजलेल्या जखमांवर एके काळी पिक्रिक आम्लही वापरत असत आणि ते वाळले की घर्षणाने किंवा धक्क्याने स्फोट होऊ शकतो. बुचाच्या घासलेल्या भागात खडे अडकले असतील, तर बूच फिरवणे हेच घर्षण आहे. म्हणून बरणी उचलू नका, हलवू नका, वास घेऊन पाहू नका. चिठ्ठीचे दुरून छायाचित्र घ्या, खोली बंद करा आणि अशा पदार्थांची विल्हेवाट लावणाऱ्या प्रशिक्षित माणसांना बोलवा. अफूचा अर्क असलेली बाटली निघाली तर ती 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते; तीही परस्पर मोरीत ओतू नका.

परळकर:
बाटल्यांवरचे क्रमांकही जसेच्या तसे उतरवा. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल येथे प्लेगची लस टोचलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ती लस मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेतली होती आणि त्या सर्वांना 53एन या एकाच बाटलीतून टोचले होते. दोष ती लस शोधणारे, प्रयोगशाळेचे प्रमुख हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. त्या बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला होता, ही गोष्ट मान्य होऊन ते निर्दोष ठरेपर्यंत 1907 उजाडले. दोष प्रयोगशाळेचा की गावातल्या हाताळणीचा, हा सगळा वाद त्या एका बाटलीभोवती फिरला.

नोंदवही:
सर्वांचे आभार. ही चर्चा छापून वरिष्ठांपुढे ठेवली. उकळण्याचा बेत रद्द झाला आहे. पिवळ्या खड्यांची बरणी कपाटात जिथे होती तिथेच आहे, खोलीला कुलूप आहे आणि माणसे सोमवारी येणार आहेत. तोवर दुसऱ्या खोलीत आधीच हलवलेल्या बाटल्यांच्या पट्ट्यांवरच्या खाचा मोजतो आहे: आतापर्यंत सात बाटल्यांवर सहा-सहा आणि एकीवर बारा. त्या बारा खाचांच्या बाटलीची जोडरेषा मानेवरच विरते आणि तिच्या तळाशी एका अत्तरवाल्याचे नाव उठावात आहे.