जर्मनीतलं लाउफहाउस: परवान्याने नक्की कोणाचं भलं झालं?

तिरपागडा
मागच्या चर्चेत "आपल्याकडेही जर्मनीसारखे वेश्यागृहांना परवाने देऊन टाका" असं तीन-चार जण म्हणाले. "परवाना म्हणजे सरकारनेच दलाली करणं" असंही कोणी म्हणालं. दोघांनाही तिथली पद्धत ठाऊक नसावी, म्हणून आधी तीच सांगतो.

लाउफहाउस म्हणजे चालत हिंडायचं घर. अनेक मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. दार उघडं आणि दारात स्टुलावर बाई बसलेली असली की खोली मोकळी. दार लावलेलं असलं की आत गिऱ्हाईक. येणारा बोळातून फिरतो, भाव थेट तिच्याशी ठरतो, पैसे आधी आणि तिच्याच हातात. घरमालक त्यात वाटा मागत नाही, खोलीचं रोजचं भाडं घेतो. मुंबईतल्या अधिया पद्धतीत निम्मे पैसे घरवालीचे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचे, आणि हिशेबाची वहीही तिचीच. लाउफहाउसात वहीच नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो.

२००२च्या जर्मन कायद्याने हा व्यवहार वैध करार ठरला, पण घर चालवणाऱ्याला खास परवाना लागत नव्हता. खाणावळ काढायला जास्त कागद लागत असतील. १ जुलै २०१७ पासून चित्र बदललं. चालकाची गुन्ह्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. आतलं काम बाहेरून दिसता कामा नये. प्रत्येक खोलीत मदतीची घंटा हवी. दार आतून कधीही उघडता आलं पाहिजे. बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, बसायची खोली आणि कुलपाचं कपाट हवं. ठरावीक पैशात हवं तितकं, या जाहिराती बंद. कंडोम सक्तीचा, आणि तो टाळणाऱ्या गिऱ्हाइकाला ५०,००० युरोपर्यंत दंड. बाईला नाही, गिऱ्हाइकाला! हे सगळं आधी वाचा, मग दलालीचं बोला.

रातराणी
वही नाही हे खरं, पण भाडं आहे ना. भाडं १३० युरो आणि एका गिऱ्हाइकाचे ४० धरा. पहिली तीन गिऱ्हाइकं पूर्णपणे इमारतीची, चौथ्यातलेही १० युरो इमारतीचेच. त्यात अनेक शहरांत आयकराची आगाऊ रक्कम दिवसामागे ठरलेली असते आणि ती घरमालकच गोळा करतो. पावसात कोणी फिरकलं नाही तरी मीटर चालूच. वाट्याच्या पद्धतीत मंदी दोघांनी सोसायची असते, भाड्याच्या पद्धतीत ती एकटीने. दोन दिवस थकले की तिसऱ्या दिवशी दारूच्या वासाचं गिऱ्हाईक नाकारायची हिंमत होत नाही. घंटा भिंतीवर असते, उधारी डोक्यावर.

आणि एक नियम तुम्ही गाळलात. कामाच्या खोलीत झोपायचं किंवा राहायचं नाही. हेतू चांगला, बाई चोवीस तास त्याच इमारतीला बांधलेली नको. पण नोंदणीत सगळ्यात जास्त बायका रोमानियाच्या आहेत. काही आठवड्यांसाठी आलेल्या बाईला त्या शहरात दुसरं घर कुठून मिळणार? मग एक तर दोन भाडी, नाहीतर चोरून तिथेच झोपणं. चोरून झोपली की घरमालकाच्या हातात तिच्याविरुद्ध आणखी एक गोष्ट.

तिरपागडा
भाड्यालाही त्याच कायद्यात लगाम आहे. मिळणाऱ्या सोयीच्या मानाने उघड अवाजवी रक्कम घेता येत नाही.

रातराणी
अवाजवी म्हणजे किती, ते कायदा सांगत नाही. चालक म्हणणार, भाड्यात चादरी, सुरक्षारक्षक, घंटा, सफाई सगळं आलं. तुलना कशाशी करणार? साध्या घरभाड्याशी केलीत तर कोणतंच लाउफहाउस टिकणार नाही. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या लाउफहाउसशी केलीत तर सगळीच वाजवी.

माजघर
तुम्ही दोघं वायरिंगवर भांडताय, मला इमारतीवरच आक्षेप आहे. २०१७च्याच कायद्याने बायकांनाही नोंदणी लावली. आधी आरोग्य-समुपदेशन, मग नोंदणीचा दाखला. टोपणनावाचा वेगळा दाखला मिळतो. एकवीसच्या आतल्यांना समुपदेशन दर सहा महिन्यांनी, बाकींना वर्षाने. २०१९ अखेर नोंदणी होती सुमारे ४०,४००. कोविडनंतर, २०२२ अखेर, सुमारे २८,३००. प्रत्यक्षात काम करणाऱ्या एवढ्याच आहेत असं जर्मनीत कोणीही मानत नाही. म्हणजे परवान्याची इमारत दिव्यांनी उजळली आणि बहुतेक धंदा शेजारच्या अंधारात राहिला.

स्वीडनने १९९९ मध्ये उलटा कायदा केला. विकणारी गुन्हेगार नाही, विकत घेणारा गुन्हेगार. पुढे नॉर्वे, आइसलँड, २०१६ मध्ये फ्रान्स, २०१७ मध्ये आयर्लंड. फ्रान्समध्ये गिऱ्हाइकाला १,५०० युरोपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर ३,७५०. युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आव्हान गेलं, २०२४ मध्ये कायदा टिकला. मागणीला हात घातल्याशिवाय घंटा-कपाटांनी काही होत नाही.

वकिली_कीस
माजघर, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग नेहमी गाळला जातो. स्वीडनमध्ये फक्त गिऱ्हाइकावर कायदा नाही, घर भाड्याने देणाऱ्यावरही आहे. भाड्याच्या घरात हे काम चालतं असं कळलं की मालकाने करार संपवायचा, नाहीतर तोच दलालीच्या कलमात अडकू शकतो. म्हणजे बाई 'निर्दोष', पण बेघर. आयर्लंडने २०१७ मध्ये कुंटणखाना चालवण्याची शिक्षा वाढवली. २०१९ मध्ये त्याच कलमाखाली नऊ महिन्यांची कैद झाली ती दोन परदेशी बायकांना, त्यातली एक गरोदर. एका घरात दोघी काम करत होत्या, एवढ्यावर ते घर कुंटणखाना ठरलं.

ओळखीचं वाटतं ना? आपल्या पिटाची, म्हणजे अनैतिक व्यापार रोखणाऱ्या १९५६च्या कायद्याची, व्याख्याही तशीच आहे: दोन किंवा जास्त बायकांच्या आपसातल्या फायद्यासाठी वापरली जाणारी जागा म्हणजे कुंटणखाना. एकटीने बंद दाराआड केलं तर गुन्हा नाही. सोबतीला मैत्रीण ठेवली, लाईट बिल वाटून घेतलं की कलम ३, म्हणजे कुंटणखाना चालवण्याचा गुन्हा. सुरक्षेचा सगळ्यात स्वस्त उपाय, म्हणजे शेजारच्या खोलीत दुसरं माणूस, आपण बेकायदा ठरवला आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाप्यात या बायकांना अटक, दंड किंवा छळ करू नये असे निर्देश दिले, पण व्याख्या जागच्या जागी आहे.

न्यूझीलंडने २००३ मध्ये ६० विरुद्ध ५९ मतांनी हीच गाठ सोडवली. चार बायकांपर्यंतचं स्वतःचं घर असेल आणि कोणी कोणाची मालकीण नसेल, तर परवानाच नको. त्याहून मोठं घर असेल तर चालकाला प्रमाणपत्र, बायकांची नोंदणी मात्र कुठेच नाही. कोणत्याही क्षणी नकार देण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला. २०१४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने लैंगिक छळाबद्दल एका बाईला चालकाकडून २५,००० डॉलर देवविले. चालक दंडाच्या भीतीने नव्हे, ती तक्रार करू शकते म्हणून सरळ वागतो.

माजघर
न्यूझीलंडच्या कायद्याचं कलम १९ पण सांगा की. तात्पुरत्या व्हिसावरच्या बाईला हे काम करताच येत नाही. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज, तिच्यापुढे तक्रार की हद्दपारी हा प्रश्न. पंचवीस हजार डॉलर तिच्यासाठी नाहीत.

वकिली_कीस
मान्य. ते कलम कायद्यावरचा डाग आहे आणि तिथल्या संघटनाही तेच म्हणतात. पण तो डाग काढता येतो. स्वीडनच्या कायद्यातला घरमालकाचा भाग हा डाग नाही, तो कापडच आहे.

रातराणी
"मोठे चालक हवेत, ते नियम पाळतात" म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतलं नेवाडा राज्य बघा. सात लाखांखालच्या लोकवस्तीच्या काउंट्यांतच (जिल्ह्यांतच) परवानगी, म्हणून लास वेगासमध्ये नाही. आठवड्याला गनोरिया-क्लॅमिडियाची तपासणी, महिन्याला एचआयव्ही आणि सिफिलिस. सगळ्या चाचण्या बाईच्या, गिऱ्हाइकाची एकही नाही. पोलिसांकडून कामाचं कार्ड तिने काढायचं. कमाईत घराचा वाटा साधारण निम्मा. अधियाच की, फक्त वाळवंटातला!

तिरपागडा
भाड्याचा मुद्दा मला पटायला लागलाय, नोंदणीचा आधीच पटला होता. मग बेल्जियमसारखं करा. १ डिसेंबर २०२४ पासून तिथे सरळ नोकरीचा करार होतो. पेन्शन, आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा. खोलीत घंटा सक्तीची. गिऱ्हाईक नाकारलं म्हणून कामावरून काढता येत नाही. सहा महिन्यांत दहापेक्षा जास्त नकार झाले तर दोघांपैकी कोणीही सरकारी मध्यस्थाला बोलावू शकतं. भाड्याची भानगडच नाही.

रातराणी
हे फक्त नोकरीवर असलेल्यांना लागू. तिथल्याच अँटवर्प शहरात काचेच्या खिडक्यांमागे बसणाऱ्या बायका स्वतंत्र व्यावसायिक धरल्या जातात, खिडकी पाळीवर भाड्याने घेतात. त्या या करारात येत नाहीत.