मदत हवी आहे: ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या सेलमला जायचंय, दोन दिवस कसे घालवू?

मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण बऱ्याच वर्षांनी एकत्र फिरायला निघालोय, बॉस्टनला उतरून तिथून सेलम. तिला भुताखेतांचं प्रचंड वेड, रात्रीचे घोस्ट टूर, चेटकिणींचे वेश घातलेली गर्दी, सगळं हवंय तिला. मला मात्र १६९२ मध्ये तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून लोकांवर चालवलेले खटले डोक्यातून जात नाहीत. १९ जणांना फाशी दिली आणि जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं, का तर तो कोर्टात खटल्याला उभं राहायला तयार नव्हता म्हणून. चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीशेजारी त्यांचं स्मारक आहे, भिंतीतून पुढे आलेली दगडी बाकं, प्रत्येकावर एक नाव आणि तारीख. फोटो बघूनच गलबलून आलं, तिथे मला निवांत बसायचंय.

तर ऑक्टोबरात जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, वीकेंडला स्मारकापाशी शांतता मिळते का की सकाळी लवकरच जावं? विच हाऊस बघायचंच आहे कारण खटल्यातल्या न्यायाधीशाचं, जोनाथन कॉर्विनचं ते खरंखुरं घर, तिकीट किती आधी काढावं? पार्किंगचे हाल होतात म्हणे, म्हणून बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून ट्रेनने जायचा विचार आहे, अर्ध्या तासाचाच प्रवास आहे पण परतीला खूप गर्दी असते का? आणि फाशी दिली ती जागा, प्रॉक्टर्स लेज, सेलम स्टेशनवरून चालत जमेल का? मैत्रिणीचा गुडघा दुखतो, तिला फार चालवायचं नाहीये.