मदत हवी आहे: कांगडा खोऱ्यात वसंतातले आठ दिवस

नमस्कार मंडळी,

मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला मी आणि नवरा, दोघंच, आठ दिवस हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात राहायचं म्हणतोय. मागच्या सहलीत सहा दिवसांत अठरा ठिकाणं झाली. घरी आल्यावर कुठलं देऊळ कुठे पाहिलं तेही आठवेना. यावेळी एका जागी मुक्काम ठोकायचा आहे.

निमित्त चित्रांचं आहे. नवऱ्याला कांगडा शैलीच्या लघुचित्रांचं फार वेड. गीतगोविंदाच्या चित्रांतली ती फुललेली झाडं, वळत जाणारी नदी, मागच्या मऊ हिरव्या टेकड्या. चित्रकारांनी हे आपल्या दारातलंच बघून काढलं असं तो नेहमी म्हणतो. त्याच ऋतूत ते खोरं डोळे भरून बघायचं, एवढीच त्याची इच्छा आहे.

पण शोधायला लागल्यावर कळलं की त्यातली उत्तमोत्तम चित्रं बाहेर गेलेली आहेत. चंदीगडच्या सरकारी संग्रहालयात पहाडी चित्रांचा (कांगडा शैली त्यातलीच) मोठा संग्रह आहे. फाळणीनंतर, १९४८ साली, लाहोरच्या संग्रहालयाची वाटणी झाली तेव्हा भारताच्या वाट्याला आलेली चित्रंही त्यात आहेत. म्हणून पहिला प्रश्न: आधी चंदीगडला चित्रं बघून मग वर जावं, की परतताना बघावीत? मी म्हणते आधी चित्रं, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. तो म्हणतो आधी डोंगर, नाहीतर आपण डोंगरात चित्रंच बघत बसू. यावर आमचं रोज चालतं.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. धरमशाला की पालमपूर? मला चहाचे मळे आणि अंद्रेट्टा हे कलाकारांचं गाव हवंय. आयरिश नाट्यकर्मी नोरा रिचर्ड्स यांचं मातीचं घर, सोभासिंगांची चित्रं आणि तिथली कुंभारकामाची कार्यशाळा. एखादा दिवस नुसता चाकावर हात ठेवून बसायचं आहे. त्याला मसरूरची कातळातली देवळं आणि कांगडा किल्ला बघायचाय, पण त्याचे गुडघे दुखतात. किल्ल्याची चढण कितपत आहे?

तिसरा खाण्याचा, आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा. कांगडी धामबद्दल वाचलंय: बोटी लोक (तिथले परंपरागत आचारी) पितळी भांड्यांत रांधतात, पत्रावळीवर पंगतीत वाढतात, मदरा (दह्यातली कडधान्याची भाजी), खट्टा (आंबट आमटी), मीठा भात, आणि कांदा-लसूण नाही. पण धाम तर लग्नाकार्यातलं जेवण. आगंतुक पाहुण्याला ते कसं मिळणार? आमंत्रण नसताना कुणाच्या मांडवात शिरायचं नाही, हे आधीच सांगते.

शेवटचं, छोट्या गाडीचं. २०२२ च्या पुरात चक्की नदीवरचा रेल्वेपूल पडला. आता ती अरुंद रुळांची गाडी कुठून कुठपर्यंत चालते? अलीकडे कुणी बसलं असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, पालमपूरलाच राहा. धरमशाला एका दिवसात जाऊन-येऊन होतं, आणि तिथे नोर्बुलिंका संस्थेत तिबेटी थांका (कापडावरची धार्मिक चित्रं) रंगवताना बघायला मिळतं. अंद्रेट्टा आणि बैजनाथचं देऊळ दोन्ही पालमपूरहून जवळ. मी एप्रिलचा पहिला आठवडा धरेन. मार्चमध्ये पावसाची सर केव्हाही येते आणि धौलाधारची डोंगररांग ढगात जाते. एप्रिलला चहाची पहिली तोडणी सुरू असते, उंचावर बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) लाल फुललेला असतो.

आता चित्रांचं. कांगड्याची सगळीच चित्रं काही बाहेर गेली नाहीत. सुजानपूर टीऱ्याला, संसारचंद राजाच्या राजधानीत, नर्बदेश्वर मंदिराच्या भिंतींवर चित्रं आहेत. कागदावरची गेली, भिंतीवरची तिथेच राहिली. त्यासाठी एक पूर्ण दिवस ठेवा, सकाळच्या उजेडात जा. चंदीगडचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, एवढं सांभाळा.

धामसाठी मुक्कामाच्या घरच्यांना दोन दिवस आधी विचारून बघा. घरगुती प्रमाणात करून देणारे आहेत.

धागाकर्ती

सुजानपूरचं माहीतच नव्हतं! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो नकाशा काढून बसलाय. भिंतीवरची चित्रं खोऱ्यातच बघायची म्हटल्यावर आमचा वादही मिटला. चंदीगड परतीच्या वाटेवर. आता फक्त किल्ल्याच्या पायऱ्या आणि गाडी, एवढं कुणीतरी सांगा.