नामिबियाला 13-0 हरवूनसुद्धा आपल्या पोरी दहाव्या? ज्युनिअर वर्ल्ड कपचं गणित कुणी सांगेल का

मेघना_सोलापूर:
नमस्कार मंडळी. डिसेंबर 2025 मध्ये चिलीत सॅन्टियागोला मुलींचा ज्युनिअर हॉकी वर्ल्ड कप झाला तेव्हापासून डोक्यात घोळतंय. माझी लेक आठवीत आहे, शाळेच्या टीमात हॉकी खेळते, तिच्यामुळे मीपण बघायला लागले. पहिल्याच मॅचला आपण नामिबियाला 13-0 असं धुतलं, मग जर्मनीकडून 1-3 हरलो, मग आयर्लंडला 4-0 हरवलं. म्हणजे तीनपैकी दोन जिंकल्या, अठरा गोल केले आणि तीनच खाल्ले, तरी क्वार्टर फायनल नाही! शेवटी नवव्या जागेसाठी स्पेनशी खेळलो आणि तीही 1-2 अशी गेली. लेक म्हणते "आई, ग्रुपमध्ये दुसरा नंबर आला तरी बाहेर कसे?" मला काही सांगता येईना. शिवाय ज्युनिअर म्हणजे नेमकं किती वय? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

डी_च्या_आत:
मेघनाताई, सगळा घोळ टीमच्या संख्येमुळे झाला. 2023 पर्यंत 16 टीम असायच्या, चार ग्रुप, प्रत्येकातल्या पहिल्या दोघी पुढे. 2025 ला पहिल्यांदाच 24 टीम घेतल्या, म्हणजे चार-चार टीमचे सहा ग्रुप, आणि क्वार्टर फायनलच्या जागा मात्र आठच. सहा ग्रुप विनर थेट गेल्या, उरलेल्या दोन जागा सहा दुसऱ्या नंबरवाल्यांमधल्या सर्वात चांगल्या दोघींना. आपण त्या दोघींत बसलो नाही. जुना फॉरमॅट असता तर दुसऱ्या नंबरावर आरामात पुढे गेलो असतो.

वयाचं म्हणाल तर ही 21 वर्षांखालची स्पर्धा, जन्मतारखेवर चालते. 2025 साठी 1 जानेवारी 2004 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली चालत होत्या.

मेघना_सोलापूर:
अच्छा, आत्ता कळलं. मग तसं बघितलं तर जर्मनीची एकच मॅच नडली म्हणायची?

रात्रपाळी_हॉकी:
अगदी बरोबर पकडलंत ताई, आणि हे याच वेळी नाही झालं, गेल्या तीन वर्ल्ड कपांत आपलं नशीब जर्मनीच्याच मॅचवर ठरलंय. सांगतो, जरा लांबेल.

2021 चा वर्ल्ड कप साउथ आफ्रिकेत पोचेफस्ट्रूमला डिसेंबरमध्ये होता, पण ओमायक्रॉन आला आणि तो एप्रिल 2022 वर गेला. सलीमा टेटे कॅप्टन. वेल्सला 5-1, मग जर्मनीला 2-1, मलेशियाला 4-0, ग्रुपमध्ये टॉप! आणि ही जर्मनी काही ढिली टीम नव्हती, त्याच स्पर्धेत ती पुढे फायनलला गेली. आपण टॉप आल्यामुळे क्वार्टरला साउथ कोरिया मिळाली, तिला 3-0 हरवलं. सेमीत नेदरलँड्सकडून 0-3 हरलो, ते मान्य. पण ब्राँझची मॅच इंग्लंडशी 2-2 सुटली, आपले दोन्ही गोल लखनौच्या मुमताज खानचे, जिची आई भाजी विकायची आणि जिने त्या स्पर्धेत एकूण आठ गोल ठोकले. आणि मग शूटआउटमध्ये (बरोबरी झाल्यावर एकेकीने एकट्या गोलकीपरसमोर गोल मारायचा) 0-3. मी त्या रात्री झोपलो नाही हो.

2023 ला सॅन्टियागो. कॅनडाला 12-0 हरवून सुरुवात, सगळ्यांना वाटलं आता मेडल नक्की. दुसरी मॅच जर्मनी, 3-4. तिसरी बेल्जियम, 2-3. दोन्हीकडे एकेका गोलाचा फरक आणि संपला वर्ल्ड कप, शेवटी अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवून नववे आलो. 2025 ला परत तेच, जर्मनी 1-3. म्हणजे बघा, जर्मनीला हरवलं त्या वर्षी चौथे, हरलो त्या वर्षी नववे आणि दहावे. चौथ्या आणि नवव्यात एवढंच अंतर आहे, पण पेपरात नुसता "भारत नववा" असं येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की पोरींना खेळताच येत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

निळी_टर्फ:
दादा, भावना पोचल्या, पण थोडं असहमत. एकेका गोलाने हरलो हे 2023 पुरतं ठीक, 1-3 ला तसं म्हणता येणार नाही. कॅनडा, नामिबियावर डझनभर गोल करून काही कळत नाही, उलट मुलींना चुकीची सवय लागते, कारण तिथे डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, शिरायला जागा भरपूर मिळते. जर्मनी-बेल्जियमसमोर डीच्या कडेवर बॉल आला की दोघी अंगावर येतात, विचार करायला अर्धा सेकंद मिळत नाही. युरोपातल्या मुलींना आपसात खेळायला लांब जावं लागत नाही. आपल्याला आशियात तसा रोजचा मुकाबला नाही. 2023 ला जपानमध्ये कोरियाला 2-1 हरवून ज्युनिअर आशिया कप पहिल्यांदा जिंकलो, 2024 ला मस्कतला चीनला शूटआउटमध्ये हरवून परत जिंकलो, म्हणजे आशियात आपण वरच आहोत. कमी पडतात त्या युरोपियन टीमशी मॅचेस. वर्ल्ड कपच्या आधी दोन-तीन महिने त्यांच्याशीच खेळत राहायला हवं, याला दुसरा इलाज नाही.

रात्रपाळी_हॉकी:
हे मान्य आहे, पूर्ण.

फलटणकर:
हॉकी म्हटलं की सगळे हरियाणा, झारखंड, ओडिशाचं बोलतात, म्हणून आमच्या भागाचं सांगायलाच आलो. 2023 च्या त्या टीमची व्हाइस कॅप्टन ऋतुजा दादासो पिसाळ आमच्या फलटण तालुक्यातली. अक्षता आबासो ढेकळे वाखरीची, ती 2022 च्या पोचेफस्ट्रूमच्या टीममध्ये होती. वैष्णवी विठ्ठल फाळके आसूची, ती तर 2023 च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या सीनिअर टीममध्ये. एका तालुक्यातल्या तीन पोरी आणि तिघींच्या नावात बापाचं नाव अख्खं लागतं, टीव्हीवर कॉमेंटेटर "विठ्ठल फाळके" म्हणतो तेव्हा आमच्याकडे काय वाटतं ते लिहून नाही सांगता येणार.

आता टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाचं. इंटरनॅशनल मॅच पाणी मारलेल्या टर्फवर होते, मॅचच्या आधी फवारे सोडून ती अक्षरशः निथळती करतात, त्यावर बॉल सुळकन सरळ येतो. आमच्याकडे मातीच्या ग्राउंडवर बॉल कधी उडी मारेल सांगता येत नाही, त्यामुळे पोरींची स्टिक बॉलवर घट्ट बसलेली असते पण सरळ फास्ट पास घ्यायला वेगळं शिकावं लागतं. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या वयातच टर्फ मिळायला पाहिजे. ताई, लेकीला खरंच आवड असेल तर पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा, तिथे राहून शिकता येतं. अक्षतासुद्धा तिथूनच पुढे गेली.

डी_च्या_आत:
शूटआउटचा विषय निघालाच आहे तर मेघनाताई, लेकीला हे आत्तापासून करू द्या. 23 मीटरच्या लाइनवरून बॉल घेऊन निघायचं, समोर एकटी गोलकीपर, शिट्टी वाजल्यापासून आठ सेकंद. कीपर पुढे येऊन अँगल बंद करते, पॅड अंगावर घालते, मग तिला एका बाजूला ओढून रिव्हर्स स्टिकने (स्टिक उलटी फिरवून) दुसरीकडून टाकायचं. बॉल अडून परत आला तरी आठ सेकंद संपेपर्यंत पुन्हा मारता येतो. घरच्या अंगणात धाकट्या भावाला कीपर करून आणि मोबाइलवर टायमर लावून होतं हे. 2013 ला जर्मनीत म्योन्शनग्लाडबाखला आपलं पहिलं ज्युनिअर वर्ल्ड कप मेडल आलं ते याच्यावरच, इंग्लंडशी 1-1 आणि मग शूटआउट 3-2. राणी रामपाल त्या स्पर्धेची बेस्ट प्लेअर होती, कीपर बिगन सोय भिंतीसारखी उभी होती. नऊ वर्षांनी त्याच इंग्लंडकडून त्याच शूटआउटमध्ये ब्राँझ गेलं.

आणि अजून एक चांगली गोष्ट. पूर्वी हा वर्ल्ड कप चार वर्षांनी यायचा, म्हणजे बहुतेक मुलींना एकच चान्स. 2021 नंतर दर दोन वर्षांनी व्हायला लागला. मुमताज 2022 लाही खेळली आणि 2023 लाही. तुमची लेक आठवीत म्हणजे तिच्या हातात अजून बरीच वर्षं आहेत.

मेघना_सोलापूर:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मनापासून लिहिलंत. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. फलटणच्या तिघींची नावं तिने वहीत लिहून घेतली आणि आठ सेकंदांचं ऐकल्यापासून बाहेर टायमर लावून सुरू आहे. फलटणकर दादा, क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या साधारण कोणत्या महिन्यात असतात आणि शाळेकडून नाव जावं लागतं की थेट जाता येतं, हे तुमच्या ओळखीत कुणाला माहीत असेल तर प्लीज विचारून सांगाल का?